पहिली सदतीस मिनिटे

२३ जून २०१८ रोजी टोकियो शहरातील दोन लहान चित्रपटगृहांत एक जपानी चित्रपट लागला. 'कामेरा ओ तोमेरुना!' म्हणजे 'कॅमेरा थांबवू नका!' हे त्याचे मूळ नाव. जपानबाहेर तो 'वन कट ऑफ द डेड' या नावाने ओळखला जातो. दिग्दर्शक शिनइचिरो उएदा यांचे नाव तोवर फारसे कोणास ठाऊक नव्हते. नटनट्या तर पूर्णपणे अपरिचित होत्या. चित्रपटावर झालेला खर्च सुमारे ३० लाख येन आणि चित्रीकरणाचे दिवस अवघे आठ. जाहिरातीसाठी पैसा नव्हता. असा चित्रपट आठवड्या-दोन आठवड्यांत उतरावा, हाच व्यवहार. परंतु पुढील काही महिन्यांत तो तीनशेहून अधिक चित्रपटगृहांत पोचला, वीस लाखांहून अधिक प्रेक्षकांनी तो पाहिला आणि एकट्या जपानात त्याने सुमारे ३१२ कोटी येन मिळवले. खर्चाच्या हजारपटीहून ही रक्कम अधिक आहे.

चित्रपटाचा विषय ऐकून मात्र आमच्या अनेक वाचकांच्या कपाळाला आठी पडेल. हा झॉम्बींचा चित्रपट आहे: थडग्यातून उठलेली, माणसांना चावत सुटलेली प्रेते, तुटलेले हात आणि रक्ताचे सडे. कॅथलिक कुटुंबांसाठी निघणाऱ्या नियतकालिकात अशा चित्रपटाची चर्चा कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारला तर तो अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. आमचे उत्तर असे की, दुसऱ्याचे फसलेले काम पाहताना आपण कोणत्या दृष्टीने पाहतो, हा या चित्रपटाचा खरा विषय आहे. हा प्रश्न टोकियोचा जितका आहे तितकाच आपल्या धर्मग्रामाचाही आहे.

प्रथम त्या प्रेतांविषयी दोन शब्द. झॉम्बीची कल्पना मूळची हैतीच्या लोकसमजुतीतील. आज पडद्यावर दिसणारा, झुंडीने येणारा आणि माणसाचे मांस खाणारा झॉम्बी मात्र जॉर्ज रोमेरो या अमेरिकन दिग्दर्शकाच्या १९६८ सालच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या चित्रपटातून आला. तोही अल्प खर्चात, मोठ्या चित्रपटसंस्थांच्या आश्रयाशिवाय काढलेला चित्रपट होता. आपल्याकडे 'गो गोवा गॉन' या २०१३ सालच्या हिंदी चित्रपटाने हा प्रकार विनोदाच्या अंगाने गोव्याच्या किनाऱ्यावर आणला आणि आदित्य सरपोतदार यांच्या २०२२ सालच्या 'झोंबिवली' या मराठी चित्रपटाने तो डोंबिवलीपर्यंत आणून पोचवला. श्रद्धेच्या दृष्टीने पाहता झॉम्बी ही पुनरुत्थानाच्या अगदी उलट टोकाची कल्पना आहे. पुनरुत्थित प्रभू मरियेला नावाने हाक मारतो, शिष्यांना आपल्या जखमा दाखवतो, त्यांच्यासोबत मासा खातो. तेथे देह परत येतो तो व्यक्तीसह. झॉम्बीत देह उठतो, पण व्यक्ती परत येत नाही. तो कोणाला ओळखत नाही आणि त्याला कोणी नावाने हाक मारीत नाही. ही कल्पना भयंकर वाटते ती याच कारणाने. तथापि उएदा यांच्या चित्रपटाशी आमचे या मुद्द्यावर भांडण नाही, कारण तेथे खरोखर कोणी मरतच नाही. सगळी प्रेते रंगभूषेची आहेत आणि ती तशी आहेत हे दाखवण्यासाठीच चित्रपट काढलेला आहे.

येथे वाचकांना एक सूचना द्यावयास हवी. ज्यांना हा चित्रपट काहीही माहीत नसताना पाहावयाचा असेल त्यांनी हा लेख येथेच मिटवून ठेवावा आणि चित्रपट पाहून झाल्यावर पुढे वाचावा. जपानमधील पहिल्या प्रेक्षकांनी कथेचा उत्तरार्ध न सांगण्याचे पथ्य मोठ्या निष्ठेने पाळले होते. चित्रपटाविषयी काही मोलाचे बोलावयाचे तर ते पथ्य आम्हाला मोडावे लागणार आहे.

चित्रपट सुरू होतो तो एका ओसाड जलशुद्धीकरण केंद्रात. एक चित्रपटसंच तेथे झॉम्बीपट काढीत आहे. नायिकेच्या चेहऱ्यावर खरी भीती दिसत नाही म्हणून दिग्दर्शक तिच्यावर आरडाओरडा करतो. मध्यंतरात सर्वजण विसावलेले असताना खरेखुरे झॉम्बी अवतरतात, एकेकाला गाठू लागतात, आणि दिग्दर्शक घाबरण्याऐवजी हर्षभरित होतो. शेवटी खरी भीती मिळाली म्हणून तो कॅमेरा बंद करू देत नाही. हे सर्व एकही तोड न घेता, सदतीस मिनिटांच्या एकसलग चित्रणात दाखवले आहे. कल्पना चांगली आहे, परंतु हे चित्रण पाहणे सोपे नाही. पात्रे मधेच गप्प होतात आणि कोणी काय बोलावे हे ठाऊक नसल्यासारखी एकमेकांना छंद विचारू लागतात. ध्वनिमुद्रक भर संकटात काही न सांगता उठून बाहेर निघतो. कॅमेरा जमिनीवर पडतो आणि बराच वेळ आडवाच राहतो. नायिका एकाच जागी उभी राहून किंकाळ्यांमागून किंकाळ्या फोडते. हवी त्याच वेळी, हवी त्याच ठिकाणी कुऱ्हाड सापडते आणि नायिका तसे मोठ्याने बोलूनही दाखवते. अखेर ती रक्ताने काढलेल्या आकृतीवर उभी राहून वर पाहते, कॅमेरा हलत-डुलत उंच जातो आणि श्रेयनामावली सुरू होते. प्रेक्षकाच्या मनात एकच विचार येतो: हौशी पोरांनी केलेला हा कच्चा प्रयत्न एवढा गाजला तरी कसा?

पण चित्रपट तेथे संपत नाही. कथा एक महिना मागे जाते. तो आरडाओरडा करणारा दिग्दर्शक वस्तुतः हिगुराशी नावाचा मवाळ, पडखाऊ गृहस्थ आहे. काम झटपट, स्वस्तात आणि बऱ्यापैकी करून देणे ही त्याची ख्याती. ती तोच आपल्या तोंडाने सांगतो. झॉम्बींसाठी वाहिलेली एक नवी दूरचित्रवाणी वाहिनी सुरू होत आहे आणि तिच्या आरंभासाठी अर्ध्या तासाचे, थेट प्रक्षेपित होणारे, एकही तोड नसलेले नाट्य करून हवे आहे. कोणी शहाणा माणूस असले काम अंगावर घेणार नाही. हिगुराशी घेतो, कारण त्यातील नायकाची भूमिका करणारा नट त्याच्या मुलीचा आवडता आहे. ही मुलगी माओ स्वतः चित्रपटक्षेत्रात धडपडते आहे. तिला तडजोड मान्य नाही आणि बापाच्या तडजोडींची तिला लाज वाटते. आई हारुमी पूर्वी अभिनेत्री होती. भूमिकेत शिरली की तिचे भान हरपते, म्हणून तिला काम सोडावे लागले. घरात भांडण नाही, पण बाप आणि मुलगी यांच्यात सरळ संवादही नाही. या मधल्या भागाची गती संथ आहे आणि तेथे हसू बेताचेच आहे. पुढे जे उभारायचे आहे त्याचा पाया येथे न बोलता घातला जातो.

तिसऱ्या भागात आपण तीच सदतीस मिनिटे पुन्हा पाहतो, या वेळी कॅमेऱ्याच्या मागून. दिग्दर्शकाची आणि रंगभूषाकार स्त्रीची भूमिका करणारे दोघे अपघातामुळे येऊ शकलेले नाहीत, म्हणून ऐन वेळी हिगुराशी आणि हारुमी स्वतःच त्या भूमिकांत उभे राहिले आहेत. एक नट दारू पिऊन झोपला आहे; त्याला मागून धरून, हातपाय हलवून झॉम्बी केले जात आहे. ध्वनिमुद्रकाचे पोट बिघडले आहे. भर संकटात तो बाहेर का धावला, ते आता कळते. पात्रे एकमेकांना छंद विचारीत होती, कारण पडद्यामागे दुसऱ्या नटाला उभे करण्यासाठी वेळ काढायचा होता. कॅमेरा आडवा पडला, कारण कॅमेरामनची पाठ धरली आणि सहायक मुलीने तो उचलून पुढचे चित्रण सुरू ठेवले. सुरुवातीला नायिकेवर ओरडणारा दिग्दर्शक त्या क्षणी भूमिका करीत नव्हता. महिनाभर गिळलेला अपमान थेट प्रक्षेपणाच्या आडोशाने बाहेर पडत होता. पहिल्या भागात जेथे जेथे आपल्याला दोष दिसला, तेथे तेथे कोणीतरी घाम गाळीत, धावत, एकमेकांना सावरीत उभा होता.

या भागात चित्रपटगृह हास्याने दणाणून जाते. आमच्या मते उएदा यांचे खरे यश त्या हास्याच्या जातीत आहे. पहिल्या भागातही आपण थोडेसे हसलो होतो, पण ते वरून खाली पाहणाऱ्याचे हसू होते. आता आपण हसतो ते त्या माणसांच्या बाजूला उभे राहून. पुढे काय होणार हे आपल्याला ठाऊक असते. ते वेळेवर जमेल की नाही एवढाच प्रश्न उरतो, आणि ते जमावे असे आपल्याला मनापासून वाटू लागते. जो प्रेक्षक अर्ध्या तासापूर्वी परीक्षक होता तो आता त्या संचाचा एक घटक झालेला असतो. मराठीत 'झोंबी' म्हणजे झटापट. त्या अर्थाने हा खरोखर झोंबीचाच चित्रपट आहे. येथे माणसे झटत आहेत ती वेळेशी, साधनांच्या तुटवड्याशी आणि आपापल्या दुबळेपणाशी.

एक गोष्ट येथे नीट लक्षात घ्यावयास हवी. ते थेट प्रक्षेपित नाट्य चांगले होते, असे हा चित्रपट कोठेही म्हणत नाही. पडद्यामागची धडपड कळल्यानंतरही ते नाट्य कलाकृती म्हणून सुमारच राहते. उएदा यांनी येथे स्वस्त दिलासा दिलेला नाही. प्रयत्न केला म्हणजे काम उत्तम झालेच, असल्या भाबड्या बोधापासून ते दूर राहिले आहेत. कामाची किंमत जेथे होती तेथेच राहते. बदलते ते त्या कामाशी आणि ते करणाऱ्यांशी असलेले आपले नाते. न्याय आणि दया यांचा मेळ घालणे आपल्याला अवघड जाते, कारण दया करायची म्हणजे खोटी स्तुती करायची असे आपण समजतो. दोष स्पष्ट दिसत असूनही माणसाचा मान राखता येतो, हे या विनोदी चित्रपटातून जितके सहज उमगते तितके अनेक गंभीर व्याख्यानांतून उमगत नाही.

हे सर्व एका दृश्यात एकवटते. नाट्याचा शेवट उंचावरून घ्यायचा आहे आणि त्यासाठी आणलेली क्रेन मोडून पडते. निर्माता म्हणतो की तो शेवट सोडून द्यावा. प्रेक्षकांना काय कळणार आहे! आयुष्यभर 'बऱ्यापैकी' म्हणत आलेला हिगुराशी या एका ठिकाणी अडून बसतो. मग माओला एक युक्ती सुचते. मुलगी लहान असताना बापाने तिला खांद्यावर घेतले होते, त्या वेळचे छायाचित्र बापाच्या संहितेत चिकटवलेले असते. त्याच रीतीने सगळा संच एकावर एक चढून मानवी मनोरा उभारतो. सर्वात वर माओ कॅमेरा घेऊन बापाच्या खांद्यावर बसते. नट, तंत्रज्ञ, रक्ताने माखलेले झॉम्बी, नुकताच शुद्धीवर आलेला मद्यपी, सर्वजण थरथरत्या हातापायांनी तो भार पेलतात. दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकाला यातले काहीच दिसत नाही. त्याच्या वाट्याला येते ते उंचावरून घेतलेले काही क्षणांचे, किंचित हलणारे चित्र. संत पौलाने करिंथकरांना लिहिताना एका शरीराच्या अनेक अवयवांचा जो दृष्टान्त दिला आहे, तो आपल्या वाचकांना येथे आठवल्यावाचून राहणार नाही. त्यातही जे अवयव दुबळे दिसतात तेच अधिक आवश्यक असतात, ही पौलाची सूक्ष्म जाण या मनोऱ्यात तळाशी वाकलेल्या माणसांकडे पाहताना नव्याने पटते. दिग्दर्शकाच्या मनात हा दृष्टान्त होता असा आमचा दावा नाही. मानवी श्रमाकडे प्रामाणिकपणे पाहणारा कलावंत कोठूनही निघाला तरी अशा ठिकाणी येऊन पोचतो, एवढेच आम्हाला म्हणायचे आहे.

आता या चित्रपटाला मिळालेल्या प्रतिसादाकडे वळू. टोकियोतील एका नाट्य-चित्रपट प्रशिक्षणसंस्थेने चालवलेल्या कार्यशाळेतून हा चित्रपट निर्माण झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये तो केवळ सहा दिवसांपुरता दाखवण्यात आला. एप्रिल २०१८ मध्ये इटलीतील उदिने येथे अतिपूर्वेकडील चित्रपटांचा जो महोत्सव भरतो, तेथे प्रेक्षकांच्या मतांनी ठरणाऱ्या पारितोषिकात तो दुसऱ्या स्थानी आला. जूनमध्ये तो रीतसर प्रदर्शित झाला तेव्हा दिग्दर्शक आणि कलाकार वारंवार चित्रपटगृहात येऊन प्रेक्षकांना भेटत. चित्रपट आवडलेल्यांनी स्वतःला 'संसर्ग झालेले' असे थट्टेचे नाव घेतले आणि आपला संसर्ग मित्रांना, सहकाऱ्यांना, घरच्यांना देण्याचा सपाटा लावला. मोठी वितरणसंस्था पुढे आली ती त्यानंतर.

ही केवळ नशिबाची गोष्ट आहे असे आम्हाला वाटत नाही. चित्रपटाची रचनाच अशी आहे की त्याची शिफारस करणाऱ्याला कारण सांगता येत नाही. कारण सांगावे तर गंमत जाते आणि न सांगावे तर समोरचा विचारतो, झॉम्बीपटात एवढे काय आहे? मग तो एवढेच म्हणू शकतो की, माझ्यावर विश्वास ठेव आणि शेवटपर्यंत बसून राहा. जाहिरात कितीही मोठी असली तरी तिला असे म्हणता येत नाही. ते एका माणसाने दुसऱ्याला, ओळखीच्या बळावरच सांगावे लागते. जो कंटाळून सदतीस मिनिटांनी उठेल त्याच्या हाती एक भिकार झॉम्बीपट लागेल. जो मित्राच्या शब्दाखातर थांबेल त्याला दोन चित्रपट मिळतील, आणि पहिल्याविषयीचे आपले मत त्याला स्वतःच मागे घ्यावे लागेल. थांबण्याची ही तयारी प्रेक्षकांनी एकमेकांना दिली, म्हणून चित्रपट तगला. या अर्थाने मनोऱ्याचा एक थर प्रेक्षकांनीही उभारला आहे.

जपानात हौशी कलेविषयी असा जिव्हाळा पूर्वीही दिसला आहे आणि त्याचा एक धागा आपल्या ख्रिस्तसभेशी जुळतो. 'सायलेन्स' ही १९६६ सालची कादंबरी लिहिणारे कॅथलिक साहित्यिक शूसाकू एंडो आपल्या वाचकांना माहीत आहेत. श्रद्धेच्या छळाची आणि माणसाच्या दुबळेपणाची इतकी विदारक कथा लिहिणाऱ्या याच एंडो यांनी १९६८ साली 'किझा' नावाची हौशी नाटकमंडळी काढली. तिच्यात अभिनयाचा गंधही नसलेली साधी माणसे रंगमंचावर उतरत आणि प्रेक्षक पोट धरून हसत. 'सायलेन्स'मध्ये दुबळ्या, पुन्हा पुन्हा घसरणाऱ्या माणसालाही स्थान देणारा लेखक न जमणाऱ्या माणसांना रंगमंचावरही स्थान देतो, यात आम्हाला विसंगती दिसत नाही. उएदा यांचा चित्रपट त्या मंडळीतून प्रेरित झाला असे सुचवण्याचा आमचा हेतू नाही. पण त्या हास्याचे कूळ एकच आहे.

इतके म्हटल्यावर चित्रपटाच्या उणिवांकडे डोळेझाक करणे योग्य होणार नाही. मद्यपी नटावर उभारलेला विनोद बराच लांबतो. ज्या घराने दारूचे व्यसन जवळून पाहिले आहे त्या घराला ते हसू तितके सहज येणार नाही. नायक-नायिकेची पात्रे ठोकळेबाज आहेत: एक फाजील चिकित्सक, दुसरी गोडबोली. दोघांच्याही मनात लेखक शिरलेला नाही.

याहून गंभीर प्रश्न चित्रपटाच्या बाहेरचा आहे. पडद्यामागच्या माणसांचा गौरव करणाऱ्या या चित्रपटाच्या यशानंतर, २०१८ च्या ऑगस्ट महिन्यात र्‍योइची वादा या नाट्यदिग्दर्शकाने जाहीरपणे हक्क सांगितला. त्यांच्या नाटकमंडळीने २०११ साली केलेल्या 'गोस्ट इन द बॉक्स!' या नाटकातून चित्रपटाची कल्पना व रचना घेतली असून त्याचे पुरेसे श्रेय दिलेले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ते नाटक पाहून आपल्याला चित्रपटाची प्रेरणा मिळाली, हे उएदा यांनी पूर्वीच सांगितले होते. मतभेद होता तो श्रेयाच्या स्वरूपाविषयी. २०१९ साली समेट होऊन मूळ कल्पनेचे श्रेय दोघांना संयुक्तपणे देण्यात आले. तसेच हा चित्रपट ज्या कार्यशाळेतून निघाला तिच्यात कलाकारांना मानधन मिळत नसते, उलट शिकण्यासाठी शुल्क भरावे लागते. ३० लाखांच्या चित्रपटाने ३१२ कोटी मिळवले की त्या मिळकतीत तळाच्या थरातील माणसांचा वाटा किती, हा प्रश्न साहजिकच उभा राहतो. त्यातील हिशेबात आम्हाला शिरायचे नाही. एवढेच म्हणतो की, मनोऱ्याचे चित्र पाहून गहिवरणे सोपे आहे; मनोरा उतरल्यावर प्रत्येकाच्या हाती त्याचे देणे ठेवणे अवघड असते. श्रमाला न्याय्य मोबदला मिळालाच पाहिजे असे ख्रिस्तसभा पोप तेरावे लिओ यांच्या १८९१ सालच्या परिपत्रकापासून सातत्याने सांगत आली आहे, आणि कला हा त्याला अपवाद नाही.

२०२२ साली फ्रान्सचे मिशेल हाझानाविसियस यांनी याच कथेचा फ्रेंच अवतार काढला. कान महोत्सवाचा प्रारंभ त्या वर्षी याच चित्रपटाने झाला. त्याचे आरंभीचे नाव झेड या रोमन अक्षरावर बेतलेले होते. युक्रेनवरील आक्रमणानंतर ते अक्षर रशियन सैन्याची खूण ठरल्यामुळे नाव बदलून 'कूपे!' असे ठेवले गेले. हाझानाविसियस हे 'द आर्टिस्ट' या चित्रपटासाठी ऑस्कर मिळवलेले दिग्दर्शक, त्यांच्या हाताशी नामवंत नट आणि ऐसपैस साधने. वाहिनीच्या निर्मातीची भूमिका मूळच्याच जपानी अभिनेत्री योशिको ताकेहारा यांनी केली. सर्व काही अधिक सफाईदार, तरीही परिणाम उणा. कारण उघड आहे. फ्रेंच चित्रपटात कसलेले नट अडाणीपणाचे सोंग आणतात; त्यांचे चुकणे हे आपल्या लेखी कौशल्यच ठरते. जपानी चित्रपटात ती माणसे खरोखर अपरिचित आहेत. ते सदतीस मिनिटांचे चित्रण त्यांनी सहा वेळा केले तेव्हा कोठे ते साधले. चित्रणाच्या वेळी झालेले काही खरे अपघातही त्यात तसेच राहू दिले आहेत. रक्ताचे थेंब भिंगावर उडाले आणि ते पुसले गेले, तो प्रसंग त्यातलाच. धडपडीचा अभिनय आणि धडपड यांतील अंतर कॅमेऱ्याला कळते.

आता थोडे आपल्या अंगणाविषयी. नाताळच्या दिवसांत, सणाच्या आदल्या रात्री, चर्चच्या प्रांगणात आपली मुले नाटुकली करतात. मेंढपाळाची दाढी निसटते, ध्वनिक्षेपक शिट्टी घालतो, पडदा अर्ध्यावर अडकतो. पूर्वी प्रेक्षकांत खसखस पिकायची आणि विरून जायची. आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे. एका मुलाचे विसरलेले वाक्य रात्रीतून साऱ्या गावात फिरते. ज्याच्यावर एकदा असे हसू ओढवले तो पुढच्या वर्षी रंगमंचाकडे फिरकत नाही, आणि त्याला दोष कसा द्यावा? गायनमंडळातील चुकलेला सूर, वाचकाने अडखळत वाचलेले वाचन, सजावटीतील वाकडी कमान, यांवर मत देण्यास आपल्याला अर्धे मिनिटही लागत नाही. त्या कमानीखाली रात्री दोन वाजेपर्यंत कोण जागले होते, हे विचारण्यास मात्र आपण थांबत नाही. खोटी स्तुती कोणीच मागत नाही. सूर चुकला तर तो चुकला असे सांगणारा जाणता माणूस धर्मग्रामात हवाच. पण सांगण्यापूर्वी त्याने एकदा पडद्यामागे जाऊन यावे, एवढी अपेक्षा रास्त आहे.

कुटुंबाने मिळून पाहावा असा हा चित्रपट आहे काय? लहान मुलांसाठी नाही. रक्त खोटे असले तरी पहिल्या भागात ते भरपूर आहे आणि ते खोटे असल्याचा उलगडा उशिरा होतो. कुमारवयीन मुलांसोबत मात्र आईवडिलांनी तो अवश्य पाहावा, विशेषतः ज्या घरात मुलाला बापाच्या नोकरीची किंचित लाज वाटू लागली आहे त्या घराने. लांबी दीड तासाहून थोडी अधिक आहे, संवाद जपानी आहेत आणि उपशीर्षके वाचावी लागतील. ती सवय पाच मिनिटांत होते.

मनोरा कोसळतो, सगळी माणसे जमिनीवर पडून हसत राहतात. तिकडे वाहिनीच्या कार्यालयात निर्मातीबाई कार्यक्रम निर्विघ्न पार पडला म्हणून समाधानाने निघून जातात. आज काय काय घडले याची त्यांना कल्पनाही नसते. त्यानंतर श्रेयनामावली सरकू लागते, आणि तिच्यासोबत दिसतो तो या चित्रपटाचा खराखुरा संच: खऱ्या कॅमेऱ्यामागे धावणारा कॅमेरामन, पाणी पाजणारे, रक्त भरणारे, वाट मोकळी करणारे. दिवे लागताच उठण्याची आपली सवय जुनी आहे. येथे मात्र शेवटचे नाव सरकून जाईपर्यंत बसून राहावे.